रोशा गवत आणि तुर्कस्तानचा गुलाब

गुडघ्यांना चोळायला म्हणून नातवाने परवा एक छोटी बाटली आणून दिली. वर नाव होते 'टी ट्री ऑइल'. हे झाड ऑस्ट्रेलियातले. अठराव्या शतकात कॅप्टन कुकच्या खलाशांनी दक्षिणेकडच्या झुडपांची पाने चहासारखी उकळून प्यायली, त्यावरून हे नाव पडले. मला हसू आले. आपल्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा गवती चहा आहेच की! आणि त्याच गवती चहाचा एक सख्खा भाऊ एके काळी महाराष्ट्रातून थेट तुर्कस्तानात जात असे. त्याचे नाव रोशा गवत.

आयुर्वेदात 'रोहिष' म्हणून जे सुगंधी तृण येते ते बहुतेक हेच. शास्त्रीय नाव 'सिम्बोपोगॉन मार्टिनी'. यातला मार्टिन म्हणजे लखनौचा फ्रेंच सेनानी क्लॉड मार्टिन (१७३५–१८००). टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धाच्या वेळी त्याने दख्खनच्या पठारावरून या गवताचे बी नेले आणि लखनौला लावले. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी गवताला त्याचे नाव दिले.

खानदेशात सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर हे गवत आपोआप उगवते. पावसाळा सरता सरता ते फुलावर येते. तेव्हा ओढ्याकाठी भट्ट्या लागत. मोठ्या भांड्यात गवत दाबून भरायचे, पाणी घालायचे, तोंड लिंपून घ्यायचे आणि खाली जाळ करायचा. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात जाई. ते भांडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवलेले असे, म्हणजे वाफ थंड होई आणि तेल पाण्यावर तरंगे. साधेच तंत्र, पण जाळ किती आणि कधी काढायचा हे सारे हाताला आणि नाकाला ठाऊक असावे लागे.

हे तेल सांधेदुखीवर चोळत, डासांसाठी अंगाला लावत. पण खरा पैसा निराळाच होता. मुंबई बंदरातून ते तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे त्याला तुर्की जिरेनियम म्हणत आणि बल्गेरियातल्या महागड्या गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. याचे कारण रसायनशास्त्रात आहे. गुलाबाच्या वासातला एक मुख्य घटक जिरॅनिऑल, आणि तोच रोशाच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ याकोबसेन याने १८७१ मध्ये जिरॅनिऑल शुद्ध स्वरूपात वेगळे केले ते याच तेलातून.

म्हणजे पाहा, माल खानदेशचा, नाव तुर्कस्तानचे आणि वास गुलाबाचा! पुढे विसाव्या शतकात जिरॅनिऑल कारखान्यात तयार होऊ लागले आणि जंगलातल्या भट्ट्या ओसरत गेल्या. आता या गवताची लागवड होते. लखनौच्या 'सीमॅप' संस्थेने त्याच्या सुधारित जाती काढल्या. २०१७ पासून सीएसआयआरच्या 'अरोमा मिशन'मधूनही त्याचा प्रसार चालतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात कमी पाण्यावर येणाऱ्या पिकाचे मोल वेगळे सांगायला नको.

मी वर्गात इतिहास शिकवला. मुंबईहून कापूस मँचेस्टरला गेला हे दरवर्षी फळ्यावर लिहिले. रोशाचे नाव एकदाही लिहिले नाही, कारण मलाच माहीत नव्हते. ज्या सेनानीने बी नेले त्याचे नाव गवताला कायमचे चिकटले. ज्यांनी ओढ्याकाठी रात्री जागून जाळ राखला त्यांचे एकही नाव मला सांगता येत नाही. ही खंत गुडघ्यांच्या दुखण्याहून जास्त बोचते.

नातवाची बाटली वापरतोय. खोबरेल तेलात दोन थेंब टाकूनच, कारण अशी अर्क-तेले नुसती लावली तर कातडी भाजल्यासारखी होते आणि पोटात तर मुळीच घेऊ नयेत. पुढच्या वेळी मात्र त्याला रोशाचे तेल आणायला सांगणार आहे. आणताना ही गोष्टही ऐकवीन म्हणतो. वर्गात राहिलेला धडा घरी तरी पुरा व्हावा.