डनलॉप गाडी ते घाटातली पकड

‘चाकोरी’ हा शब्द आपल्याला बैलगाडीने दिला. लोखंडी धाव चढवलेले लाकडी चाक काळ्या मातीत रुते, खोल चर पडे आणि मागची गाडी त्याच चरातून चाले. पुढे हवेच्या टायरांच्या गाड्या आल्या, तेव्हा लोकांनी त्यांना सरळ ‘डनलॉप’ म्हटले. बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा पशुवैद्य. त्याने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. बंगालमधील साहागंज येथे १९३६ मध्ये त्या नावाचा कारखाना निघाला आणि एका परक्याचे आडनाव कापसाच्या गाडीला चिकटले. रुंद, मऊ टायरमुळे भार जास्त जागेवर पसरला, चाक कमी रुतले, बैलांचे कष्ट हलके झाले.

परंतु रबर रस्त्याला धरते कसे, हे कळायला आणखी बराच काळ जावा लागला. फ्रान्समधील आमोंतों याने १६९९ साली सांगितले होते की घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते. लाकूड-लोखंडाला हा नियम बराचसा लागू पडतो. रबर मात्र तो पाळत नाही. इंग्लंडमध्ये ग्रॉश यांनी १९६३ मध्ये दाखवले की रबराचे घर्षण वेग आणि तापमान या दोहोंवर अवलंबून असते, आणि त्याचे मूळ रबराच्या अंतर्गत गुणधर्मात आहे. खडीच्या उंचवट्यावरून सरकताना रबर दबते व पुन्हा फुगते. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही. उरलेली ऊर्जा उष्णता होते. घर्षणाचा मोठा वाटा हाच.

मग गणिताची अडचण आली. रस्त्यावर खडी आहे, खडीवर खवले, खवल्यांवर आणखी बारीक कण. कोणता खडबडीतपणा मोजायचा? जर्मनीतील युलिश येथील बो पर्सन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचे उत्तर होते: सगळेच. मिलिमीटरपासून मायक्रॉनपर्यंतची प्रत्येक पातळी रबराला दाबते आणि प्रत्येकीची ऊर्जाहानी हिशेबात धरावी लागते. २००४ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी ओल्या रस्त्याचाही उलगडा केला. बारीक खळग्यांत पाणी अडकते, रबर त्यावर झाकण घालते आणि तेवढा खडबडीतपणा जणू नाहीसा होतो.

आपल्या दृष्टीने या संशोधनाचे मोल निर्मलजवळच्या महबूब घाटात कळते. जुना सात क्रमांकाचा, आताचा चव्वेचाळीस क्रमांकाचा महामार्ग नागपूर-हैदराबादची मालवाहतूक वाहतो. टायरवरच्या खाचा साचलेले पाणी बाहेर काढतात, पण खळग्यांत कोंडलेले पाणी तिथेच राहते. म्हणून नवा टायरही ओल्या उतारावर कोरड्याइतका धरत नाही, आणि गुळगुळीत झालेल्या टायरला तर पाणी काढायला वाटच उरत नाही. लोखंडी धावेची गाडी चाकोरी सोडत नसे. रबराने आपल्याला चाकोरीबाहेर आणले. पहिल्या पावसात वेग आवरण्याची जबाबदारी मात्र चालकावर आली.