दात काढण्याआधीच करावा जबड्याच्या हाडाचा विचार

नवी दिल्ली : किडलेला किंवा हलणारा दात काढला की दुखणे थांबते, मात्र त्या जागच्या हाडाची झीज तेव्हापासूनच सुरू होते. पुढे तेथे इम्प्लांट, म्हणजेच धातूचे कृत्रिम दंतमूळ बसवायचे असेल, तर हाड राखण्याचा निर्णय दात काढण्यापूर्वी होणे आवश्यक असते.

हाड का झिजते?

दंतमूळ आणि जबडा यांना जोडणारे तंतू हाडाच्या एका पातळ थरात रुतलेले असतात. दात निघताच या थराचे प्रयोजन संपते आणि तो विरघळू लागतो. ओठ व गालाकडील भिंत, विशेषतः वरच्या पुढच्या दातांपाशी, बहुधा एक मिलिमीटरहून पातळ असल्याने सर्वाधिक हानी तेथेच होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यानुसार, सहा महिन्यांत हाडाची रुंदी २९ ते ६३ टक्के, तर उंची ११ ते २२ टक्के घटते.

इम्प्लांट टिकतो तो हाडाच्या आधारावर. स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगात टायटॅनियम हाडाशी एकजीव होत असल्याचे आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर असे रोपण केले. हाडच अपुरे असेल, तर आधी ते वाढवण्याची स्वतंत्र शस्त्रक्रिया करावी लागते. त्यात वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात.

जतन कसे करतात?

पहिली पायरी म्हणजे भिंतींना इजा न करता दात काढणे. अनेक मुळांच्या दाढेची मुळे त्यासाठी वेगळी करून एकेक काढली जातात. खोबण स्वच्छ करून तीत बोन ग्राफ्टचे कण भरतात, त्यावर कोलॅजनचा पातळ पडदा ठेवतात आणि टाके घालतात. साधारण तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन करून इम्प्लांटचा निर्णय होतो.

ग्राफ्ट रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचा, मानवी दात्याच्या प्रक्रिया केलेल्या हाडाचा, प्राणिजन्य किंवा कृत्रिम असू शकतो. प्राणिजन्य प्रकारांत गाय व डुक्कर यांच्यापासून मिळवलेले पदार्थही असतात. पडद्यातील कोलॅजनही बहुधा प्राणिजन्य असते. श्रद्धेचा प्रश्न असणाऱ्यांनी त्याबाबत आधीच विचारणा करावी.

प्रत्येकाला गरज नसते

या उपचाराने झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. अक्कलदाढ काढल्यावर तेथे सहसा नवा दात बसवला जात नाही, त्यामुळे केवळ इम्प्लांटसाठी हाड राखण्याचा प्रश्न येत नाही. खोबणीच्या भिंती जाड व शाबूत असतील, तर काही रुग्णांना दात काढल्याबरोबर किंवा काही आठवड्यांतच इम्प्लांट बसवता येतो. पू झालेला असल्यास आधी संसर्गावर उपचार करावे लागतात.

अनियंत्रित मधुमेह आणि तंबाखू यांमुळे जखम भरण्यास विलंब होतो. हाडांच्या ठिसूळपणावरील बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे घेणाऱ्यांना दात काढल्यावर जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका संभवतो. ही औषधे तसेच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती दंतवैद्याला द्यावी. मात्र त्या परस्पर बंद करू नयेत.

पहिले २४ तास जोराने चूळ भरणे, स्ट्रॉने पिणे आणि धूम्रपान टाळावे. दोन-चार दिवसांनी वेदना अचानक वाढल्यास रक्ताची गुठळी निसटली असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुन्हा तपासणी करून घ्यावी.

कोठे विचारावे?

दिल्लीतील महापालिकेचे हिंदूराव रुग्णालय कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव, म्हणजेच बायजाबाई शिंदे यांचे बंधू, यांच्या नावाने ओळखले जाते. अशा सार्वजनिक रुग्णालयात दात काढण्यासाठी जाणाऱ्यांनीही ‘पुढे येथे दात बसवायचा आहे, हाड राखता येईल का?’ असे आधी विचारावे. तेथे सोय नसल्यास दंत महाविद्यालयाचा पर्याय असतो. दिल्लीत मौलाना आझाद दंत विज्ञान संस्था, मुंबईत नायर रुग्णालय दंत महाविद्यालय व शासकीय दंत महाविद्यालय, तर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. दाताचे दुखणे असह्य असले, तरी हा प्रश्न विचारण्यास एक मिनिट पुरते. गेलेले हाड मात्र आपोआप परत येत नाही.