‘दिलगुदाज’ची खोटी जन्नत

उर्दूतील अद्भुत आणि प्रणय म्हटले की आपल्याला दास्तानगोई आठवते. पण या परंपरेला छापील पानांवर नवे वळण देण्यात एका छोट्या मासिकाचा मोठा वाटा आहे. मौलाना अब्दुल हलीम शरर यांनी १८८७ साली लखनौहून ‘दिलगुदाज’ काढले. दिलगुदाज म्हणजे काळीज वितळवणारे. हरि नारायण आपटे यांचे ‘करमणूक’ पुण्यात सुरू व्हायला अजून तीन वर्षे होती. ‘दिलगुदाज’चा बराचसा मजकूर शरर स्वतःच लिहीत. त्यांच्या फिरतीच्या काळात मासिक खंडित होई आणि पुन्हा निघे.

शरर यांचे बालपण कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला, पदच्युत वाजिद अली शाहच्या दरबाराच्या सावलीत गेले. गेलेल्या वैभवाची हुरहूर त्यांना लहानपणापासूनच ठाऊक होती. पुढे वॉल्टर स्कॉटच्या ‘टॅलिस्मन’मधले मुसलमानांचे चित्र त्यांना खटकले. त्याला जबाब म्हणून १८८८ मध्ये त्यांनी ‘मलिकुल अजीज वर्जिना’ हप्त्याहप्त्याने छापली. क्रुसेडचा काळ, मुसलमान शहजादा आणि ख्रिस्ती राजघराण्यातील तरुणी यांची ही प्रेमकथा वाचकांनी उचलून धरली. पराभूत मनाला तिने उभारी दिली. मात्र अशा जबाबात एक अडचण असते. आपला नायक निर्दोष ठरवावा लागतो आणि समोरच्याचे दोष मोजत बसावे लागते.

शरर तिथेच थांबले असते, तर आज त्यांचे नाव केवळ इतिहासात उरले असते. १८९९ मध्ये आलेल्या ‘फिरदौसे बरीं’मध्ये त्यांनी आरसा स्वतःकडे वळवला. तेराव्या शतकातल्या या कथेत हुसेन आणि जुमुर्रद प्रवासाला निघतात. जुमुर्रद नाहीशी होते आणि तिची कबर सापडते. मग तिची पत्रे येतात, तीही थेट जन्नतमधून! तिच्या भेटीच्या आशेने हुसेन एका शेखच्या हुकमावर आपल्या चुलत्याचा, पूज्य इमामाचा खून करतो. ती जन्नत प्रत्यक्षात आलमूतच्या बातिनींनी रचलेली बाग निघते. शेवटी जुमुर्रदच्याच पत्रामुळे कपट उघडे पडते आणि हुलागूचे सैन्य तो किल्ला नष्ट करते. धर्माच्या नावाने तरुणांच्या भाबडेपणाचा बाजार कसा मांडला जातो, हे यात परीकथेच्या वेषात सांगितले आहे. इथे शत्रू बाहेरचा नाही, आणि म्हणूनच ही कादंबरी आजही झोंबते.

हेच धैर्य इतरत्रही दिसते. १९०० च्या सुमारास शरर यांनी ‘दिलगुदाज’मधून निर्यमक कवितेचा पुरस्कार केला. काफियाशिवाय शायरी ही कल्पनाच तेव्हा अनेकांना बेअदबी वाटली असेल. स्त्रियांच्या पडद्याविरुद्धही त्यांनी लेखणी चालवली. १९१३ पासून त्यांनी याच मासिकात लखनौचे राहणीमान, खाणेपिणे, संगीत, अदब यांवर लेखमाला लिहिली. ‘गुजिश्ता लखनौ’ या नावाने ती आज अभ्यासकांच्या हाती आहे. १९२६ मध्ये शरर वारले. दरबार त्याआधीच गेला होता. त्याची आठवण मात्र एका तुटपुंज्या मासिकाने राखली.

आपल्यावरही सतत कुणाला तरी जबाब देण्याची वेळ येते. जबाब द्यावाच लागतो. पण आपले साहित्य केवळ जबाबावर मोठे होणार नाही. आपल्याच अंगणातली खोटी जन्नत ओळखणारी कथा लिहिणे आणि ती छापणारे नियतकालिक जगवणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत.