मुष्टिधान्यापासून मतपेटीपर्यंत

ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात ग्रंथांइतकेच शाळेचेही स्मरण व्हायला हवे. वाचक आधी शाळेत घडतो आणि मगच वाचनालयाची पायरी चढतो. ही शाळा कोणाच्या पैशावर चालली आणि तो पैसा मिळावा म्हणून लोकांनी काय केले, हा आपल्या गोमंतकाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा, पण फारसा न लिहिलेला अध्याय आहे.

नार्वे आणि डिचोलीचा परिसर, तसेच पेडणे महाल, हे नव्या काबिजादीतील प्रदेश. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीज अमलाखाली आले. दिवाडी बेटावरून नदीपलीकडे आलेल्या सप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला, हे नार्वेकरांना सांगायला नको. देव वाचला, त्याच्याभोवती कीर्तन, पुराण आणि पोथी यांच्या आश्रयाने भाषाही वाचली. मात्र विद्येची रीतसर सोय सरकारदरबारी नव्हती. पणजीचे लिसेव १८५४ साली निघाले, पण त्याचे माध्यम पोर्तुगीज आणि ते गाठणे खेड्यातील कष्टकऱ्याच्या मुलाला अशक्यच होते. गावात असे ती शेणवीमामाची शाळा. एखाद्या घराच्या ओसरीवर किंवा देवळाच्या अग्रशाळेत भरणारी ही शाळा अक्षरओळख, मोडी आणि हिशेब एवढे शिकवी. मास्तरांचे पोट गाव भरी.

१९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि गोमंतकातील हिंदू समाजाला संस्था उभारण्यास पूर्वीपेक्षा मोकळीक मिळाली. त्या सुमारास व त्यानंतरच्या दोन दशकांत मराठी शाळा आणि वाचनालये यांची एक लाटच उसळली. आपल्यासारखी वाचनालये त्याच काळाची अपत्ये होत. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचे नाव या काळाची सारी रीत सांगून जाते. १९०८ साली स्थापन झालेल्या या संस्थेसाठी घराघरांतून मूठ मूठ तांदूळ गोळा होई आणि त्यावर शाळेचा खर्च भागे. या पद्धतीत एक गुण होता : ज्या गृहिणीने शिजवण्याच्या तांदळांतून मूठभर बाजूला काढली, तिला ती शाळा आपली वाटे. तिची मर्यादाही तितकीच उघड होती. मूठ द्यायलाही कोठीत धान्य असावे लागते. ज्या घरात दोन वेळची पेज कठीण, त्या घरातील मूल शाळेबाहेरच राही. जातीची आणि कुळ-भाटकार नात्याची भिंत वेगळीच.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि दोन वर्षांच्या आत, ९ डिसेंबर १९६३ रोजी, विधानसभेची पहिली निवडणूक झाली. प्रौढ मताधिकाराने आपले सरकार निवडण्याची सामान्य गोमंतकीयाची ती पहिलीच वेळ. मुलांची रीघ शाळांकडे लागू पाहत होती, पण बसायला जागा, शिकवायला मास्तर आणि द्यायला पगार नव्हता. पेडण्याचे सुपुत्र दयानंद बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने विलीनीकरणाच्या मागणीबरोबरच बहुजन समाजाच्या उन्नतीचे आश्वासन देऊन मते मागितली. तीस जागांपैकी १४ त्या पक्षाला आणि १२ युनायटेड गोवन्स पक्षाला मिळाल्या. बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडण्याचे काम वेगाने सुरू झाले. इमारतीची वाट न पाहता देवळाच्या मंडपात, कोणाच्या पडवीत वर्ग भरले. एकाच मास्तराने चारही इयत्ता सांभाळल्या. मास्तरही अनेकदा घाटावरून आणि शेजारच्या कोकणातून आणावे लागले. पूर्वी धान्याच्या मुठीवर चालणारे काम आता सरकारी तिजोरीवर आले, आणि तिजोरीची किल्ली मतपेटीत होती.

मतदाराने ही किल्ली किती समजून वापरली, याचा पुरावा १९६७ सालाने दिला. १६ जानेवारीच्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या ‘फुला’ला १,३८,१७० आणि संघप्रदेशाच्या ‘दोन पानां’ना १,७२,१९१ मते पडली. डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांचा कल फुलाकडे होता, तरी एकूण कौल विरुद्ध गेला. राजकीय हिशेबाने बांदोडकरांचा पक्ष संपायला हवा होता. परंतु मार्चमध्ये त्याच मतदारांनी त्या पक्षाला १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसविले. याची कारणे एकाहून अधिक आहेत. १९६४ च्या कुळकायद्याने कसणाऱ्याला दिलेला आधार हे त्यांतील मोठे कारण. तरी दारी आलेली शाळा त्यातून वगळता येणार नाही. प्रदेश कोणत्या राज्यात असावा आणि मुलाला पाटी-पेन्सिल कोण देतो, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे अल्पशिक्षित मतदाराने जाणले होते. १९७३ साली बांदोडकर निवर्तले. पुढे त्या शाळांत शिकलेली पिढीच शिक्षक, कारकून, लेखक आणि आपल्या वाचनालयाची सभासद झाली. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७ टक्के नोंदली गेली. तिचा पाया या मंडपांत आणि पडव्यांत आहे.

पुढचा इतिहास मात्र वेगळा धडा देतो. १९९० साली, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक स्तरावर मराठी-कोकणी माध्यमाच्या शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण ठरले. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि वादळ उठले. २०१२ च्या निवडणुकीत सत्ता बदलली, पण अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान नव्या सरकारनेही चालू ठेवले. २०१७ साली याच प्रश्नावर गोवा सुरक्षा मंच निवडणुकीत उतरला; त्याला एकही जागा मिळाली नाही. या पराभवाचा दोष केवळ राजकारण्यांना देऊन भागणार नाही. १९६३ साली पालक शाळेच्या दाराशी उभा होता, म्हणून त्याच्या मताला वजन होते. आज मराठीच्या सभेला टाळ्या देणारा पालक आपले मूल दुसऱ्या शाळेच्या बसमध्ये बसवतो आणि पटसंख्या घटली म्हणून गावची शाळा बंद पडते. मत मागायला मागे मुले लागतात.

शतक पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या सभासदांनी व आश्रयदात्यांनी यातून काय घ्यावे? मुष्टिफंडाने आपलेपणा दिला पण सर्वांना सामावले नाही. मतपेटीने सर्वांना सामावले पण शाळा ‘सरकारची’ करून टाकली. या दोन्ही वाटांतील चांगले ते आता एकत्र आणायला हवे. मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला गावच्या शाळेतील शिक्षकांची संख्या, छप्पर आणि पुस्तके यांविषयी नेमका प्रश्न विचारावा, आणि त्याचबरोबर आपल्या कपाटांतील बालसाहित्य त्या शाळेच्या वर्गात नेऊन ठेवावे. शाळेत आज जी मुले उरली आहेत, त्यांतूनच या ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाचे वाचक यायचे आहेत.