ठासणीची बंदूक आणि तिचे कारागीर



मी शाळेत फार शिकलेला माणूस नाही. इतिहास वाचला तो युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून, पाळी संपल्यावर. म्हणून आज लढाईपेक्षा लढाईचे हत्यार घडविणाऱ्या हातांविषयी बोलणार आहे.

आपल्या खालापूर तालुक्यात उंबरखिंड आहे. 1661 च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज तिथे रानात कोंडली आणि खानाला सर्व काही टाकून परत जावे लागले. कर्जतकडे पेठ गावाच्या डोक्यावर कोथळीगड आहे. मराठ्यांच्या काळी तिथे शस्त्रसाठा असे. 1684 साली तो मोगलांनी घेतला. कोकणातल्या हेटकऱ्यांची नेमबाजी तर इतकी नावाजलेली, की 1826 साली मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही तिची दखल घेतली. हे सारे पुस्तकात आहे. पण त्या बंदुका घडविल्या कोणी?

ठासणीच्या बंदुकीची नळी भात्यावर जन्मते. लोखंडाची लाल तापलेली पट्टी सळईभोवती गुंडाळायची, घणाखाली जोड एकजीव करायचा, मग आतले भोक सरळ होईपर्यंत घासायचे. मागचे तोंड बुचाने पक्के बंद करायचे आणि बाजूला बारीक कान पाडायचा. पुढून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची. कानाशी ठिणगी पोचली की आतली दारू पेटते. आधी तोडा आला, मग चकमकीचा चाप, मग टोपी. जोड कच्चा राहिला तर नळी फुटे, आणि मरे तो बंदूक धरणारा. म्हणजे शिपाई लोहाराच्या विश्वासावर लढत होता.

अठराव्या शतकात अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया प्रांतात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची ठासणीची रायफल घडविली. नळीत पीळदार खाचा; त्यामुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर नेम धरते. त्यांतले बरेच कारागीर नळीवर आपले नाव कोरीत, म्हणून ती नावे आज ठाऊक आहेत. तिकडे हौशी माणसे अजूनही तशी रायफल हाताने घडवितात आणि मुलाला, मित्राला भेट देतात.

आपल्याकडे 1878 साली लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. परवान्यावाचून बंदूक बाळगणेही गुन्हा, घडविणेही गुन्हा. गोऱ्यांना मात्र सूट. निःशस्त्र झालेल्या रयतेविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण त्याच वेळी खेडोपाडीच्या लोहाराच्या हातातली एक विद्याही गेली, तिचा हिशेब कोणी मांडला?

याची समज मला पुस्तकातून आली नाही. 1999 साली आमच्या कारखान्यातले एक जुने फिटर निवृत्त होणार होते. सगळे त्यांना नाना म्हणत. घाटाखालच्या लोहाराचे घर. आजा बंदुका दुरुस्त करी, असे ते जेवणाच्या सुट्टीत सांगत. पोरांनी ठरविले, नानांना ठासणीची बंदूक घडवून भेट द्यायची. टर्नर, फिटर, सुतार, सगळे तयार. मी युनियनचा चिटणीस. मी म्हणालो, "दादांनो, 1959 चा कायदा आहे. परवान्यावाचून बंदूक घडविली तर तुरुंग. आणि ती नानांच्या घरात सापडली तर?"

दोन संध्याकाळी वाद झाला. काही जण मला भित्रा म्हणाले. शेवटी ठरले, की नळी कोरायचीच नाही. भंगारातला भरीव दांडा पावती फाडून विकत घेतला. बाहेरून सारे तसेच केले: शिसवी दस्ता, चाप, गज, माशी. कान मात्र पाडला नाही.

निरोपाच्या दिवशी नानांनी ती हातात तोलली. पुढच्या तोंडावर अंगठा फिरविला आणि म्हणाले, "बाळांनो, हिचं तोंड मिटलंय. आमच्या आज्याचाही हात सरकारनं असाच मिटवला." मग चाप दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाले, "पण काम चोख आहे. कोणी केलं?" पोरांनी एकेक करून नावे सांगितली. नानांनी ती दस्त्याच्या आतल्या बाजूला कोरून घ्यायला लावली.

माझा आग्रह घरोघरी बंदूक असावी असा नाही. त्या वेळी पोरांना अडविले ते योग्यच केले, असे मला आजही वाटते. पण हत्यारावर बंदी घालणे वेगळे आणि कारागिराला विसरणे वेगळे. 1942 साली भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने याच भागात विजेचे मनोरे पाडले, ते करवतीने कापून. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्यांची नावे आपण आदराने घेतो, घेतलीच पाहिजेत. पण बंदूक काढून घेतली तरी कामकऱ्याची करवत उरतेच, हेही त्या घटनेने शिकविले.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपापल्या गावी जुन्या लोहाराचे घर असेल, तिथे जा. आजोबा काय घडवीत, ते विचारा आणि नावासकट लिहून ठेवा. गडांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. भात्याचा आपणच लिहायचा आहे.