काउंटीच्या दप्तरातला संसार

अमेरिकेत घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल हवी असेल, तर वॉशिंग्टनला लिहून काही हाती लागत नाही. देशभरातल्या घटस्फोटांचे एकत्र दप्तर तिथे नाहीच. राज्याच्या राजधानीतही बहुतेक वेळा एवढेच कळते, की अमक्या दोघांचा विवाह अमक्या साली, अमक्या काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, संपुष्टात आला. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या आरोग्य खात्याकडे १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळातल्या घटस्फोटांची नोंद आहे, आणि तीही नावे, काउंटी आणि प्रकरण क्रमांक सांगून थांबते. मुलांचा ताबा कोणाला मिळाला, पोटगी किती ठरली, घर कोणाच्या वाट्याला गेले, हे सांगणारा कागद ५८ काउंट्यांपैकी एकीच्या सुपीरिअर कोर्टात असतो. तो तिथल्याच क्लार्ककडे मागावा लागतो.

अर्जदाराला तिथे चार गोष्टी सांगाव्या लागतात. काउंटी कोणती, साल कोणते, कोर्ट कोणते आणि त्या प्रकरणाशी आपले नाते काय. ही चार उत्तरे मागण्यामागे जवळजवळ चारशे वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला, तर शोधणाऱ्याचे पुष्कळ श्रम वाचतात. आणि घरातल्या कागदांवर हक्क कोणाचा, हेही त्यातूनच उलगडते.

काउंटी इंग्लंडमधून आली. १६३४ मध्ये व्हर्जिनिया वसाहतीचे आठ भाग पाडले गेले आणि प्रत्येकात स्थानिक न्यायाधीश बसू लागले. त्याच वसाहतीतल्या आजच्या नॉर्थॅम्प्टन काउंटीत १६३२ पासूनची कोर्टाची दप्तरे सलग टिकली आहेत. देशातली सर्वांत जुनी सलग काउंटी-दप्तरे तीच. इंग्लंडमध्ये लग्न आणि मृत्युपत्र ही प्रकरणे बिशपच्या, म्हणजे चर्चच्या कोर्टात चालत. अमेरिकी वसाहतींत बिशपच नव्हता. त्यामुळे मृत्युपत्रे, वारसांचे हिस्से, पोरक्या मुलांचे पालकत्व हे सगळे हळूहळू काउंटीच्या कोर्टात आले. ज्या वहीत रस्त्याच्या दुरुस्तीचा हुकूम उतरवला जाई, तिच्याच पुढच्या पानावर बाप गेलेल्या मुलाला कोणाच्या हाताखाली ठेवायचे ते लिहिले जाई. घरचा मामला सार्वजनिक वहीत आला तो असा, आणि वही सार्वजनिक म्हणून तोही सर्वांना खुला झाला.

या वह्यांत न्याय आहे तसा अन्यायही आहे. मेरीलँडने १ नोव्हेंबर १८६४ पासून गुलामगिरी रद्द केली. त्यानंतर काही दिवसांतच तिथल्या काउंट्यांच्या, पोरक्या मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या ‘ऑर्फन्स कोर्टां’नी नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय मुलांना उमेदवारीच्या करारांनी पुन्हा जुन्या मालकांच्या घरी बांधून दिले. टॅलबट काउंटीतल्या एलिझाबेथ टर्नर या मुलीचा असाच करार १८६७ मध्ये सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी बेकायदा ठरवला, कारण गोऱ्या उमेदवारांना मिळणारे शिक्षणाचे संरक्षण त्या करारात नव्हते. आपल्या पणजीचा शोध घेणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना हे करार आज काउंटीच्या कागदांतच सापडतात. मालकांच्या हातातले हत्यार असलेला कागद त्या मुलांच्या वंशजांसाठी पुरावा झाला. म्हणूनच ती दप्तरे जपली पाहिजेत, आणि खुलीही राहिली पाहिजेत.

घटस्फोट या वह्यांत उशिरा आला. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन मंडळींनी विवाहाला दिवाणी करार मानल्यामुळे तिथले न्यायाधीश सतराव्या शतकातच घटस्फोट देत होते. दक्षिणेत मात्र स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ काळ त्यासाठी विधिमंडळाकडे अर्ज करावा लागे, आणि एकेका जोडप्यासाठी वेगळा कायदा होई. व्हर्जिनियाने १८५१ च्या राज्यघटनेने ही पद्धत बंद केली आणि ते काम पुरते कोर्टांकडे गेले. म्हणून त्या राज्यात १८२० मधला घटस्फोट काउंटीत न सापडला, तर तो झालाच नाही असे समजू नये. त्याचा अर्ज विधिमंडळाच्या कागदांत, राज्याच्या ग्रंथालयात असू शकतो. दक्षिण कॅरोलायनात तर गृहयुद्धानंतरची मोजकी वर्षे सोडली, तर १९४९ पर्यंत घटस्फोटच नव्हता.

देशात घटस्फोट होतात किती, हेही कोणाला ठाऊक नव्हते. १८८७ मध्ये काँग्रेसने ती मोजणी कामगार आयुक्त कॅरोल राइट यांच्यावर सोपवली. आकडे राजधानीत मिळणार नव्हतेच. राइट यांची माणसे काउंट्यांच्या कोर्टांत जाऊन वह्या उलटत बसली. १८८९ मध्ये अहवाल निघाला. १८६७ ते १८८६ या वीस वर्षांत ३,२८,७१६ घटस्फोट झाले होते आणि त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश बायकांच्या अर्जांवर मिळाले होते. शोधणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, कारण कित्येक जुन्या सूच्या केवळ अर्जदाराच्या नावाने लावलेल्या आहेत. नवऱ्याचे नाव घेऊन वर्षानुवर्षांच्या सूच्या धुंडाळणाऱ्याला जे सापडत नाही, ते बायकोच्या नावाखाली सापडते.

आता साल. काउंट्या फुटत गेल्या, सीमा बदलल्या. कागद मात्र ज्या कोर्टात लिहिला गेला, सहसा त्याच काउंटीकडे राहिला. आजचे गाव नव्या काउंटीत असले, तरी आजोबांचे प्रकरण जुन्या काउंटीत शोधावे लागते. मग आगी. गृहयुद्धात व्हर्जिनियाच्या कित्येक काउंट्यांनी आपली दप्तरे सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली, आणि एप्रिल १८६५ मध्ये ते शहर पेटले तेव्हा ती तिथे जळाली. ऑक्टोबर १८७१ च्या शिकागोच्या आगीत कुक काउंटीचे कोर्ट कागदांसकट गेले. अशा ठिकाणी साल सांगताच क्लार्क हात वर करतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

कधी कधी तर काउंटीच भलती निघते. न्यू यॉर्कमध्ये १७८७ पासून १९६६ च्या सुधारणेपर्यंत घटस्फोटाला व्यभिचार हेच एक कारण होते. ज्यांच्यापाशी ते कारण नव्हते किंवा ज्यांना ते उच्चारायचे नव्हते, ते पैसे असल्यास नेवाडाला जात. १९३१ मध्ये नेवाडाने रहिवासाची अट सहा आठवड्यांवर आणली. रीनो शहरात तेवढे दिवस काढून माणसे मोकळी होऊन परतत. त्यांचा संसार न्यू यॉर्कमध्ये झाला, पण तो मोडल्याचा कागद हजारो मैलांवरच्या वॉशो काउंटीत पडून आहे.

कोर्ट कोणते, हा प्रश्न विसाव्या शतकाने गुंतागुंतीचा केला. १८९९ मध्ये कुक काउंटीत देशातले पहिले बालन्यायालय उघडले. गुन्हेगार म्हणून नव्हे, मूल म्हणून मुलाकडे पाहायचे, हा त्यामागचा विचार होता. १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या हॅमिल्टन काउंटीत घटस्फोट आणि मुलांची प्रकरणे एका विभागात आणली गेली, आणि कुटुंब न्यायालयाची कल्पना आकाराला आली. मात्र ही वाटणी प्रत्येक राज्याने आपापल्या सोयीने केली. न्यू यॉर्कचे फॅमिली कोर्ट १९६२ च्या कायद्याने आले. तिथे ताबा, पोटगी, घरातली मारहाण, पितृत्व यांची प्रकरणे चालतात, पण घटस्फोट मिळत नाही. तो त्या राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ नावाच्या कोर्टात मिळतो, आणि त्याचे कागद काउंटी क्लार्ककडे असतात. नावावर जाऊन फॅमिली कोर्टात घटस्फोटाची नक्कल मागणारा हात हलवीत परततो. एकाच कुटुंबाचे कागद दोन ठिकाणी असू शकतात, हे आधी ठाऊक असलेले बरे.

चौथा प्रश्न, तुमचे नाते काय, हा सगळ्यांत नाजूक. ऱ्होड आयलंडच्या न्यायालयाने १८९३ मध्येच म्हटले होते, की घटस्फोटाच्या प्रकरणातले यातनादायक तपशील वैर साधायला किंवा बोभाटा करायला पुरवावेत, यासाठी दप्तर नाही. १९७८ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने कोर्टाचे कागद पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा सर्वसाधारण हक्क मान्य केला. तो निरपवाद नाही हे सांगताना त्याने याच जुन्या निकालाचा दाखला दिला. मधल्या काळात राज्यांनी आपापली कुलुपे घातली होती. मिनेसोटाने १९१७ मध्ये दत्तकाच्या फायली लोकांसाठी बंद केल्या, पण त्या प्रकरणातल्या माणसांसाठी खुल्या ठेवल्या. पुढे अनेक राज्यांनी ज्याला दत्तक दिले त्या मुलालाही, ते मोठे झाल्यावरसुद्धा, आपली फाइल नाकारली. न्यू यॉर्कमध्ये घटस्फोटाची फाइल शंभर वर्षे पक्षकार आणि त्यांचे वकील यांच्याखेरीज कोणालाही कोर्टाच्या हुकुमाशिवाय दिसत नाही. कॅलिफोर्नियात तीच फाइल बहुतांशी कोणीही काउंटरवर जाऊन वाचू शकतो.

मग आधी याद्या आणि त्यांमागून यंत्रे आली. महामंदीच्या काळात बेकारांना काम म्हणून सरकारने १९३५ ते १९४२ या काळात काउंट्यांच्या दप्तरांची मोजदाद करवून घेतली. तळघरांत आणि माळ्यांवर धूळ खात पडलेल्या कित्येक वह्यांची पहिली यादी तेव्हा झाली. युटाच्या वंशावळ संस्थेने १९३८ पासून दप्तरांच्या मायक्रोफिल्म काढायला घेतल्या. त्या आता संगणकावर आल्या आहेत आणि जुन्या मृत्युपत्रांचा, पालकत्वाच्या कागदांचा मोठा साठा फुकट पाहता येतो. पण घरबसल्या पाहणे आणि कोर्टात जाऊन पाहणे यांत फरक आहे, हेही कायद्याने ओळखले. गावोगावच्या कोर्टांत आणि काउंटीच्या दप्तरखान्यांत चिकाटीने शोधून मिळणारी माहिती वेगळी आणि एका कळीसरशी मिळणारा तिचा संगणकी गोषवारा वेगळा, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका गुन्हेगारी नोंदींच्या खटल्यात सांगितले. कॅलिफोर्नियाच्या नियमांत तोच विवेक दिसतो. कौटुंबिक प्रकरणांची सूची घरून पाहता येते, आतले कागद संगणकावर पाहायचे तरी सर्वसामान्य लोकांना कोर्टाच्या आवारातच पाहावे लागतात.

म्हणून आज नक्कल मागताना क्रम असा ठेवावा. दोघांची पूर्ण नावे, बायकोचे माहेरचे नावसुद्धा, आणि सालाचा अंदाज. त्यावरून सूचीत प्रकरण क्रमांक शोधावा. मग त्या प्रकरणाची रोजनोंद पाहावी, म्हणजे कोणत्या तारखेला काय दाखल झाले ते कळते. त्यानंतर नेमका कागद मागावा. पूर्ण फाइल मागितली की पानागणिक शुल्क वाढते, आणि बहुतेकांना खरा लागतो तो अंतिम हुकूमनामा. साधी प्रत वाचायला पुरते, पण पुनर्विवाह, पेन्शन, पासपोर्ट अशा कामांसाठी क्लार्कच्या दाखल्याची आणि शिक्क्याची प्रमाणित प्रतच लागते. जुनी फाइल बाहेरच्या गोदामात असेल, तर ती यायला वेळ जातो. ज्यांना शुल्क परवडत नाही, त्यांना माफीचा अर्ज करता येतो का, हे जरूर विचारावे.

मराठी घरांना हा विषय परका राहिलेला नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सासात आपल्या मुलामुलींचे संसार आहेत. त्यांतले काही मोडतात, आणि तिथला हुकूमनामा इथल्या कोर्टात दाखवायची वेळ येते. १९९१ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मिझूरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टाचा असाच एक हुकूमनामा आला होता. नवऱ्याने नव्वद दिवसांच्या रहिवासावर तो मिळवला होता. न्यायालयाने तो मानला नाही. ज्या कायद्याखाली लग्न झाले त्याला मान्य असलेले कोर्ट आणि त्यालाच मान्य असलेले कारण हवे, आणि बायकोने त्या कोर्टाचा अधिकार मनापासून स्वीकारलेला असावा, असे ठरले. कागदाबद्दलही न्यायालय स्पष्ट बोलले. परक्या कोर्टाच्या निकालाची प्रत तिथल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीने प्रमाणित केलेली हवी, तशी नसेल तर ती पुरावा म्हणून चालणार नाही. तेव्हा परदेशातून आलेल्या मुलीच्या हाती झेरॉक्स असेल, तर तिने ती तेवढ्यावर न ठेवता मूळ काउंटीकडून प्रमाणित प्रत मागवावी. आणि ती इथे कशी ग्राह्य धरली जाईल, हे खटल्याआधीच वकिलाला विचारून घ्यावे.

या सगळ्या इतिहासाकडे पाहून माझे मत ठाम झाले आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या फायलींवर पहिला हक्क त्यांत ज्यांचे आयुष्य लिहिलेले आहे त्यांचा आहे. ज्या मुलाच्या ताब्याचा निवाडा झाला, ज्याला दत्तक दिले गेले, त्याला वाढत्या वयात ‘तू कोण?’ असे विचारून परत पाठवणारा कायदा क्रूर आहे, मग तो खासगीपणाचे कितीही गोड नाव घेवो. समाजाचा हक्क त्यानंतरचा, पण तोही खरा आहे. टॅलबट काउंटीचे करार कोणी वाचूच शकले नसते, तर मुलांची ती चोरी आज सिद्ध करता आली नसती. या दोन हक्कांचा तोल राखायला काउंटरपलीकडे एक जबाबदार माणूस लागतो, जो नाव, साल आणि नाते विचारतो आणि कायद्याने देता येते ते देतो. ते काउंटर आणि तो क्लार्क टिकवण्यावर होणारा खर्च काउंट्यांनी वाचवू नये. त्या खर्चातूनच सामान्य माणसाला आपल्या घराचा कागद मिळतो.