संशयाचा फायदा कुणाला?

हात तुटला तर दिसतो. दुखणारी पाठ दिसत नाही. कमरेपासून पायापर्यंत नस चमकते, तेव्हा ती कळ ज्याची त्यालाच ठाऊक. अशा न दिसणाऱ्या दुखण्याचे मोल सरकारने कसे ठरवायचे? अमेरिकेतल्या माजी सैनिकांनी या प्रश्नावर दीर्घ लढा दिला. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

तिथे सेवेत जडलेल्या अपंगत्वाचे टक्के ठरतात आणि त्यावर दरमहाची रक्कम. कंबर पुढे किती वाकते ते अंशांत मोजतात. ३० अंशांपर्यंतच वाकली तर ४० टक्के, त्यापुढे ६० पर्यंत वाकली तर २० टक्के. पायाच्या नसेचे टक्के निराळे. पण ४० आणि २० मिळून ६० होत नाहीत! ४० टक्के गेल्यावर उरलेल्या ६० चे २० टक्के, म्हणजे १२, धरायचे. बेरीज ५२ आणि हाती पडतात ५०.

हे टक्के चुकले तर? १९८८ पर्यंत बहुतेक बाबतीत सरकारी अपील मंडळाचा शब्द अखेरचा असे; पुढे कोर्टाची पायरी चढता येत नसे. वकिलाची फीही १० डॉलरांवर जाता कामा नये, असा यादवी युद्धाच्या काळातला, १८६४ चा नियम होता. लबाड वकिलांपासून सैनिकाला वाचवावे, हा हेतू चांगलाच. पण शंभर वर्षांनंतर १० डॉलरांत कोण उभा राहणार? तरीही १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा उचलून धरली.

१९८८ च्या कायद्याने अखेर माजी सैनिकांच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय दिले. १९९० मध्ये त्याच्यापुढे ‘गिल्बर्ट विरुद्ध डर्विन्स्की’ हा खटला आला. दुसऱ्या महायुद्धातला सैनिक आणि तक्रार पाठीची. न्यायालयाने सांगितले, दोन्ही बाजूंचा पुरावा सारखाच भरला तर कौल सैनिकाच्या बाजूने. दाखला दिला तो मुलांच्या बेसबॉलचा: चेंडू आणि खेळाडू एकदम पोचले तर धावणारा वाचला. आपण म्हणतो, संशयाचा फायदा फलंदाजाला! शिवाय मंडळाने नुसते ‘नामंजूर’ लिहून भागणार नाही, कारणे द्यावी लागतील, हेही ठरले.

१९९५ च्या एका निकालाने अंशांबरोबर वेदना आणि थकवाही हिशेबात घ्यायला लावला. २०१९ पासून निकाल न पटल्यास वर्षाच्या आत तीन वाटा खुल्या आहेत: नवा पुरावा देणे, वरिष्ठाकडून फेरतपासणी किंवा मंडळापुढे अपील.

मला यात मोलाचे वाटते ते १९९० चे सूत्र. आघाडीवर लचकलेल्या कमरेची नोंद करायला तेव्हा कुणाला सवड असते? चाळीस वर्षांनी तो कागद सापडत नाही, हा सैनिकाचा दोष नव्हे. दोन्ही पारडी सारखी झाली, तर चुकीची जोखीम ज्याने त्याला लढायला पाठवले त्या सरकारने घ्यावी.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)